कोऱ्या पेपरांचा गठ्ठा

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आकडा आला. एकतीस.

आर्लिंग्टनमधल्या संतुलन मंडळाच्या सहाव्या मजल्यावर, मोठ्या पडद्याखाली चौदा माणसं उभी होती. आरती संपून दिवा खाली ठेवताना देवळात जी शांतता होते, तशी तिथे झाली. मग संचालक ग्रेडन विटलॉक यांनी टाय नीट केला आणि म्हणाले, "चला. यंत्र बोललं."

एकतीस टक्के चर्चा, एकोणसत्तर टक्के बळ.

परक्या देशाशी बोलावं की त्याला बडवावं, हा प्रश्न अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना कित्येक पिढ्या छळत होता. प्रश्न पडला की ते आधी बडवत आणि मग बोलत, किंवा बोलता बोलता बडवत, आणि नंतर दहा वर्षं जाडजूड पुस्तकं लिहून चूक दुसऱ्याची होती हे सिद्ध करत. शेवटी २०३६ साली त्यांनी त्यांच्या पद्धतीचा उपाय काढला. यंत्र बनवलं. त्याचं नाव इक्विपॉइज. कुठलाही पेचप्रसंग त्यात टाकला की ते शंभर गुण चर्चा आणि बळ यांच्यात वाटून देई. सोबत संतुलन कायदाही आला: चर्चेचा वाटा पस्तीसच्या खाली गेला, तर संसदेला न विचारता राष्ट्राध्यक्षांना सैन्य वापरता येईल. संसदेने तो कायदा हसतहसत मंजूर केला. युद्धाच्या बाजूने हात वर करायचा आणि पुढच्या निवडणुकीत त्या हाताचा जाब द्यायचा, ही कटकट त्यामुळे एकदाची मिटली होती.

चौदा माणसांच्या मागे, दाराजवळ केतकी कुबल उभी होती. वय तेहतीस, संख्याशास्त्रातली डॉक्टरेट, गाव देवगड. दोन वर्षांपूर्वी तिने इथलं नागरिकत्व घेतलं होतं. यंत्र ज्या नोंदींवर शिकलं त्या नोंदी कशा करायच्या, याचे बावीस नियम तिने लिहिले होते. मंडळात तिला मान होता, म्हणजे बैठकीत तिला उभं राहू देत.

पेचप्रसंग नेहमीसारखाच होता. कासर नावाच्या चिमुकल्या किनारी देशाने अमेरिकेची एक सर्वेक्षण नौका पकडून बंदरात बांधून ठेवली होती. नौकेवर नऊ माणसं. अमेरिकेने बहात्तर तासांची मुदत दिली होती. कासरने उत्तरादाखल बंदराचा मार्गच बंद केला होता.

दुपारी केतकीच्या पडद्यावर तपासणीसाठी एक तक्ता आला. बळ वापरलं तर काय काय मोडेल, त्याची ती यादी. गस्ती नौकांचा धक्का. दोन तेलटाक्या. रडार. आणि खाली एक छोटा रकाना: धोक्याच्या कक्षेतली तिसऱ्या देशांची जहाजं. चार नावं होती. तिसरं नाव होतं 'रत्नमाला', तेलवाहू, भारतीय. पुढच्या चौकटीत यंत्राने शेरा मारला होता: स्वीकारार्ह.

'रत्नमाला'वर तिचा धाकटा भाऊ हर्षद थर्ड इंजिनिअर होता.

स्वीकारार्ह हा शब्द केतकीनेच निवडला होता. नियम एकोणिसावा. तेव्हा तिच्यासमोर तीन पर्याय होते आणि हा सगळ्यांत नेमका वाटला होता.

*

मोबाइल कपाटात कुलूपबंद ठेवावे लागत. ती खाली उतरली, मोबाइल घेतला आणि पार्किंगच्या टोकाला जाऊन फोन लावला. कासरमध्ये संध्याकाळ होती.

"काय गो ताये, आज दिवसाढवळ्या? कामावर नाय गेलंस?"

"हर्षद, जहाज हलवता येईल तुमचं? आज, उद्या?"

"हलवतलंव कसा? भायर काढूक पायलट नाय, ओढूक टग नाय, बंदराच्या तोंडाक साखळी लावन ठेवलेली आसा. कित्याक गो?"

तिने उत्तर दिलं नाही. हर्षदनेही पुन्हा विचारलं नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्याला न दिलेली उत्तरं पटकन कळतात.

"बरा," तो म्हणाला. "म्हणजे तुझ्या त्या मशीननं कायतरी ओकल्यान."

"तिथे चाललंय काय? त्यांनी ती नौका धरली कशाला?"

"तुका म्हायत नाय?" हर्षद खरोखरच चकित झाला. "अगो, जाळी कापली त्यांची! ती सर्वेची बोट मागे लांब केबल ओढीत जाता. रात्री जाळी टाकलेली होती, त्याच्यातसून सरळ गेली. चाळीस होड्यांची जाळी. सकाळी सगळे धक्क्यावर येवन बसले. बायका, म्हातारे, सगळे. म्हणतत, कोणीतरी येवन सांगा की चूक झाली, आणि जाळ्यांचा काय ता बघा. बस. सरकार मागसून इला. सरकाराक काय, फुकट झेंडो नाचवूक गावलो."

"आणि नौकेचा कप्तान?"

"लुंड? माणूस बरो आसा. बाकीच्यांका गावातल्या गेस्टहाऊसात ठेवल्यानी, हेका जनरेटर बघूक बोटीवरच. आमच्याच बाजूक बांधली आसा. रोज चायेक येता आमच्याकडे, पाठी पोलीस घेवन. तो सॉरी म्हणूक तयार आसा, पण वरसून हुकूम आसा, तोंड उघडूचा नाय." हर्षद हसला. "ताये, तुझ्या मशीनक विचार मगो, चाळीस जाळ्यांचो दाम काय?"

केतकी पार्किंगच्या कठड्यावर बसली. यंत्रात दोनशे सोळा रकाने होते. लढाऊ जहाजांची संख्या, आर्थिक निर्बंध, भाषणांतला कठोरपणा, नेत्यांचं वय. जाळ्यांचा रकाना नव्हता. तिचे वडील ज्या दिवशी तुटकं जाळं घेऊन परत येत त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. त्या घरातल्या मुलीने हे रकाने आखले होते, आणि तिलाही तो सुचला नव्हता.

*

आता एकतीस हा आकडा आला कसा, ते सांगायला हवं. त्यात कुणाचा डाव नव्हता. डाव असता तर निदान कुणीतरी हुशार होतं एवढं समाधान मिळालं असतं.

यंत्राला ऐंशी वर्षांतले एक लाख चौदा हजार प्रसंग शिकवले होते. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ: आधी काय ताणलं गेलं, मग अमेरिकेने काय केलं, एकशेऐंशी दिवसांनी काय निष्पन्न झालं. अशा लाखभर ओळी चाळून यंत्र ठरवी की कुठल्या परिस्थितीत कशाचा उपयोग होतो. पद्धत शुद्ध होती. पण दवाखान्याच्या वहीवरून गावाची तब्येत ठरवायला बसलं की गाव कायम आजारीच दिसतं. घरी काढा पिऊन बरे झालेले लोक वहीत येतच नाहीत.

केतकीचा सातवा नियम असा होता: ज्या प्रसंगात शेवटी काही घडलं नाही, त्याची ओळ करू नये. काही घडलं नाही तर निष्पन्न काय लिहिणार? रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना गणिताला नासवतो. नियम लिहिला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि स्वच्छ तक्त्यांवर तिचं मनापासून प्रेम होतं.

झालं असं की चर्चा जेव्हा खरोखर यशस्वी होते, तेव्हा काहीच घडत नाही. गोळी सुटत नाही, बातमी होत नाही, कुणी राजीनामा देत नाही. म्हणजे चर्चेचे सगळे विजय सातव्या नियमाने बाहेर फेकले गेले आणि फक्त पराभव आत राहिले. बॉम्ब मात्र पडला की आवाज होतो. त्याची ओळ कधीच चुकत नाही. एक लाख चौदा हजार प्रसंग वाचून यंत्राने जो धडा घेतला, तो कुठल्याही शहाण्या विद्यार्थ्याने घेतला असता: बोलून काही होत नाही.

हे केतकीला त्या दुपारी पार्किंगमध्ये कळलं. तिच्या वरच्या चौदा माणसांना ते तीन वर्षांत कळलं नव्हतं. पण त्यांना जे ऐकायचं होतं तेच यंत्र सांगत होतं, आणि मनासारखं उत्तर कुणी तपासून बघत नाही.

*

अमेरिकेच्या युद्ध आणि शांततेच्या या ओळी तयार झाल्या होत्या सांगलीत. ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे इतिहासात एम.ए. झालेली साठ मुलंमुली जुन्या अमेरिकन वकिलातींच्या खुल्या झालेल्या तारा वाचून त्यांना खुणा करत. शंभर डॉलरचं काम तिथे सहा डॉलरमध्ये होई. त्या केंद्राच्या प्रमुख नलिनी मगदूम. बत्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून आणि बोर्डाचे पेपर तपासून निवृत्त झालेल्या.

"बाई, एक विचारायचं होतं," केतकी फोनवर म्हणाली. "ज्या फाइलींत काही घडलं नाही, त्या आपण सोडून दिल्या. तुम्हाला आठवतं?"

"आठवतंय की. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, ह्या कुठं टाकू. तू म्हणालीस, टाकून द्या."

"हो." केतकीने डोळे मिटले. "चुकलंच माझं."

"टाकून कुणी दिल्यात?" नलिनीबाई म्हणाल्या. "पोरी, मी बत्तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. पोरगं तीन तास बसून कोरा पेपर देऊन गेलं, तरी तो पेपर फेकायचा नसतो. त्यालाही नंबर घालायचा, शून्य मार्क मांडायचे, गठ्ठ्यात बांधायचा. हजर होता ना तो! उद्या गठ्ठ्यात एक पेपर कमी भरला तर मान माझी. तुझ्या त्या कोऱ्या फाइलीपण मी नंबर घालून ठेवल्यात. अडतीस हजार चारशे सहा."

"खुणा केलेल्या?"

"मग? पोरं काय नुसती चहा प्यायला येत होती? बळ किती, चर्चा किती, सगळं. फक्त शेवटच्या रकान्यात रेघ."

"बाई, मी तुमच्या पाया पडते."

"तिकडनं कशी पडणार? फाइली पाठवू का नको ते सांग."

अडतीस हजार फाइली तासाभरात आल्या. केतकीने घाई केली नाही, कारण घाईनेच हा घोळ झाला होता. कोऱ्यांतल्या काही भानगडी चर्चा झाली नसती तरी आपोआप थंडावल्या असत्या. त्यांचं श्रेय चर्चेला देणं म्हणजे उलट्या बाजूने तीच लबाडी. तिने सर्वांत कंजूष हिशोब धरला: निम्म्या कोऱ्या निकालात धरायच्याच नाहीत. उरलेल्या घालून तिने यंत्र नव्याने शिकवलं. बुधवारी सकाळी साडेनऊला कासरचा नवा आकडा आला.

अठ्ठावन्न.

आणखी एक गोष्ट दिसली. कोऱ्यांतल्या तीनातल्या दोन फाइलींत पहिल्या दहा दिवसांत कुणीतरी अगदी खालच्या पायरीवरच्या माणसाने, वकिलातीतल्या एखाद्या कारकुनाने, उपवकिलाने, बोटीच्या कप्तानाने, एक साधं माफीचं पत्र दिलेलं होतं.

*

विटलॉकसाहेबांनी दोन्ही तक्ते पाहिले. ते मुळात विम्याच्या धंद्यातले. कासर नकाशात कुठे आहे हे त्यांना सोमवारी कळलं होतं.

"छान काम," ते म्हणाले. "खरंच छान. पण केतकी, एकतीस आकडा संसदेच्या समितीपुढे वाचून झालाय."

"तो चुकीचा आहे."

"चुकीचा नाही, जुना आहे. फरक असतो." ते मागे रेलले. "आणि मला सांग, दर वेळी 'बोला' म्हणणारं यंत्र कोण विकत घेईल? तसं सांगायला आपल्याकडे परराष्ट्र खातं फुकट पडून आहे."

बाजूला बसलेले कर्नल टिबेट्स मोठ्याने हसले. कर्नलसाहेब मंडळावर सैन्याचे प्रतिनिधी होते आणि हसण्यापलीकडे त्यांनी या कथेत काही केलं नाही.

"तिथल्या लोकांची जाळी तुटलीत," केतकी म्हणाली. "त्यांना माफीचा एक शब्द हवाय."

"माफी?" विटलॉक यांनी तो शब्द जिभेवर खडा आल्यासारखा बाहेर काढला. "माफी मागितली की चर्चेचा वाटा किती होतो?"

"तो रकाना नाही यंत्रात."

"बघ! रकानाच नाही." हे त्यांनी इतक्या समाधानाने म्हटलं की केतकीला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. ते दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांच्या आत शोधायला काही नव्हतंच म्हणून.

"साहेब, त्या कक्षेत माझ्या भावाचं जहाज आहे."

विटलॉक यांनी चेहरा गंभीर केला. तो त्यांना चांगला जमे. "हे तू सांगायला नको होतंस. आता तुझा आकडा निःपक्षपाती राहिला नाही. तरीही," त्यांनी हात उचलला, "आम्ही ऐकून घेणारी माणसं आहोत. दोन्ही आकड्यांचा मध्य काढू. मंडळाचं नावच संतुलन आहे."

मध्य म्हणजे साडेचव्वेचाळीस. पस्तिसाच्या वर. केतकीला हायसं वाटलंही असतं, पण कर्नलसाहेबांचं हसू अजून ओसरलं नव्हतं.

"अर्थात भारित मध्य," विटलॉक म्हणाले. "जुना आकडा तीन वर्षांच्या अनुभवाचा, नवा एका रात्रीचा. जुन्याला नव्वद टक्के वजन, नव्याला दहा. किती होतात?"

तिने तोंडी हिशोब केला. लहानपणापासून तोंडी हिशोब पक्के होते, हा त्या दिवशीचा सर्वांत मोठा अपमान.

"तेहतीस पूर्णांक सात."

"झालं तर! नव्या माहितीचाही मान राहिला."

आणि त्यांनी खरोखरच मान राखला. मुदतीचे चाळीस तास उरले होते. त्यांतले तेहतीस पूर्णांक सात टक्के, म्हणजे तेरा तास एकोणतीस मिनिटं, चर्चेसाठी काढण्यात आली. खास दूत नेमला. दूताचं विमान कासरला पोचायलाच अकरा तास लागणार होते. उरलेल्या अडीच तासांत त्याने अमेरिकेची भूमिका समजावून सांगायची होती. मग त्याने निघायचं, आणि मग लढाऊ विमानांनी यायचं. वेळापत्रकात दोन्ही गोष्टी एकाखाली एक छापल्या होत्या, सारख्याच टायपात.

केतकी ते वेळापत्रक हातात घेऊन जिन्याने सहा मजले उतरली. लिफ्टमध्ये या माणसांबरोबर उभं राहावं असं तिला वाटेना.

*

कोऱ्यांतली फाइल क्रमांक एकवीस हजार नव्वद केतकीने मोबाइलवर उघडली. कुठल्याशा लहानशा बंदरातली, सत्तर वर्षांपूर्वीची. अमेरिकन टगबोटीच्या पंख्यात कोळ्यांची जाळी गुंतली, कोळ्यांनी बोट अडवली, दोन युद्धनौका निघायच्या तयारीत होत्या. टगबोटीच्या कप्तानाने कुणालाही न विचारता एक पत्र लिहिलं. वकिलातीच्या कारकुनाने त्याची प्रत लावून शेरा मारला होता: 'बोट सोडली. विशेष काही घडले नाही.' सांगलीतल्या मुलाने शेवटच्या रकान्यात रेघ मारली होती.

पार्किंगमधून तिने हर्षदला व्हिडिओ कॉल लावला. हर्षदने कॅमेरा फिरवला. जहाजाच्या मेसमध्ये साठीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला एक अमेरिकन स्टीलच्या कपातून चहा पीत होता. शेजारी कासरचा पोलीस बिस्कीट बुडवत होता.

"ही माझी बहीण," हर्षद त्याला म्हणाला. "मोठ्या ऑफिसात असते. पण माणूस चांगली आहे."

"तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय?" कप्तान लुंडने विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"हे बरं झालं. कुणाच्या तरी वतीने बोलणारे मला रोज चार फोन करतात." त्याने कप खाली ठेवला. "तोंड उघडायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. चूक कबूल केली तर देशाची बाजू लंगडी पडते म्हणे. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, बाई."

"मी तुम्हाला एक जुनं पत्र वाचून दाखवते. तेवढंच."

तिने वाचलं. पत्र सहा ओळींचं होतं. "मी या बोटीचा कप्तान आहे. तुमच्या माणसांची जाळी माझ्या बोटीने तोडली. पाण्यात जाळी आहेत का, हे बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही. माझ्याकडे आहे तेवढा दोर सोबत देत आहे, बाकीची भरपाई मिळावी म्हणून मालकांना लिहितो. झाल्या गोष्टीचं मला वाईट वाटतं."

लुंडने विचारलं, "त्या कप्तानाचं पुढे काय झालं? नोकरी गेली?"

केतकीने फाइल खाली सरकवली. "नाही. आणखी अकरा वर्षं त्याच टगबोटीवर होता."

"कसं काय?"

"कुणाच्या लक्षातच आलं नाही. काही घडलंच नव्हतं ना."

लुंड हसला. हसताना त्याचे डोळे पाणावले. "पुढचं पाऊल काय असतं हे तुम्ही मला सांगणार नाही, आणि मी विचारणार नाही," तो म्हणाला. "पण कालपासून माझ्या फोनवर एकच प्रश्न येतोय: बोटीवर नक्की कोण कोण आहे? माणसं मोजायला लागले की मला कळतं." त्याने हर्षदकडे पाहिलं. "पेन आहे का रे?"

"पेन आसा रे, पण दोर?" हर्षद आपल्या नेहमीच्या भाषेतच म्हणाला, मग सावरून इंग्रजीत सांगितलं. "तुमच्या बोटीवर नायलॉनचा दोर आहे. आमच्या चीफ ऑफिसरला विचारतो. आमच्याकडे जुने हॉजर, जहाज बांधायचे जाड दोरखंड, पडून आहेत. त्यांचे पदर सोडवले तर जाळ्याला उत्तम. आमच्या बापाने सांगितलं असतं."

"बाबांनी आधी शिव्या दिल्या असत्या," केतकी म्हणाली.

"त्या काय, ते लोकही देतीलच. द्यायलाच हव्यात."

लुंडने पत्र स्वतःच्या शब्दांत लिहिलं. ते पाच ओळींचं झालं. दोर खांद्यावर टाकून हर्षद आणि लुंड धक्क्यावर गेले, पोलीस मागून बिस्किटाचा पुडा घेऊन. फोन हर्षदच्या खिशात चालूच होता; केतकीला दिसलं काही नाही, फक्त ऐकू आलं. आधी लुंडचा आवाज. मग दुभाष्याचा. मग एका बाईचा, चढा, लांबलचक, थांबतच नव्हता. भाषेतलं अक्षरही केतकीला कळत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. देवगडच्या धक्क्यावर तिने हा आवाज किती वेळा ऐकला होता. मग तो आवाज थकला, आणि कुणीतरी दोराची जाडी विचारली.

दूताचं विमान अर्ध्या वाटेत असताना कासरने नौका सोडली आणि बंदराची साखळी उघडली.

*

पुढच्या आठवड्यात विटलॉकसाहेब संसदेच्या समितीपुढे बसले. एकही गोळी न झाडता नऊ नागरिक सुखरूप परत आले, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. "एकोणसत्तर टक्के निर्धारापुढे कासर नमलं," ते म्हणाले, आणि समितीने टाळ्या वाजवल्या. पाच ओळींच्या पत्राचा उल्लेख कुणी केला नाही. त्यासाठी ते कुणीतरी वाचावं लागलं असतं.

लुंडची निवृत्ती चौदा महिने अलीकडे आणली गेली. त्याने जाऊ दिलं. केतकीला मात्र नोकरीवरून काढलं. कारण दिलं होतं, 'कामाच्या वेळेत वैयक्तिक फोन'.

ती देवगडला आली, आणि तिथून एक दिवस सांगलीला. ट्रॅक्टरच्या शोरूमवरचा जिना चढताना तिला वाटत होतं की निदान एक काम तरी झालं: अडतीस हजार कोऱ्या फाइली मंडळाच्या हाती लागल्या होत्या. आता त्यांना त्या टाळता येणार नव्हत्या.

"टाळल्या न्हाईत की," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. "सोमवारी हुकूम आला. सातवा नियम बदललाय. वाच."

केतकीने वाचलं. नियम सात-अ. ज्या प्रसंगात काही घडलं नाही, त्याची ओळ यापुढे करावी. त्या काळात अमेरिकेची कोणतीही युद्धनौका जगातल्या कोणत्याही समुद्रात असल्यास, शेवटच्या रकान्यात 'बळाचे यश' असं लिहावं.

जगातल्या कोणत्याही समुद्रात अमेरिकेची युद्धनौका नाही, असा एकही दिवस ऐंशी वर्षांत गेलेला नव्हता.

"म्हणजे सगळ्याच," केतकी म्हणाली.

"सगळ्याच. अडतीस हजार चारशे सहा. पोरं कालपर्यंत तेच लिहीत बसली होती. कोऱ्या पेपरवर दुसऱ्यानंच उत्तरं लिहायची आणि तिसऱ्याला मार्क द्यायचे. बोर्डात असतं तर जेलमध्ये घातलं असतं." नलिनीबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. यंत्र पुन्हा शिकवून झालं होतं, आणि तपासणीपुरतं ते केंद्रालाही उघडून दिलं होतं. जुनाच कासरचा प्रसंग घालून त्यांच्या मुलांनी कुतूहलाने आकडा काढला होता.

चर्चा बारा. बळ अठ्ठ्याऐंशी.

खाली शोरूममध्ये कुणीतरी नवा ट्रॅक्टर चालू करून पाहत होतं; खिडकीची तावदानं थरथरत होती. केतकी आकड्याकडे बघत राहिली. ते हजारो कारकून, उपवकील आणि कप्तान तिनेच तर शोधून काढले होते, आणि मंडळाच्या हाती आयते नेऊन दिले होते.

"कासरचीपण फाइल आली का बाई? लुंडच्या पत्राची?"

"आली की. अडतीस हजार चारशे सात."

"तिच्यावरही तेच लिहिलं?"

नलिनीबाईंनी टेबलाचा खण उघडला, आतून चष्म्याची डबी, गोळ्यांचं पाकीट, खडूचा एक जुना तुकडा बाजूला सारला आणि खालून एक छापील कागद काढला. पाच ओळी. खाली लुंडची सही, आणि सहीशेजारी शाईचा एक अंगठा. त्या ओरडणाऱ्या बाईचा असावा.

"ही हरवली म्हणून कळवलं मी त्यांना," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखा लाल झाला होता. "बत्तीस वर्षांत माझ्या गठ्ठ्यातनं एक पेपर गहाळ झाला नव्हता. हा पहिला."

त्यांनी कागद पुन्हा खणात ठेवला, वर खडू ठेवला, आणि खणाला किल्ली लावली.